कोरी पेनं आणि पक्की शाई



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "जन्मभर कांट शिकवलात आणि आता जपानी पेनांवर बोलणार?" आम्ही म्हटलं, हो, बोलणार. कारण या पेनांच्या निमित्तानं जो प्रश्न पडला, तो कांटच्याच घरातला आहे. सुंदर वस्तू आपल्याला आवडते, इथपर्यंत ठीक. पण ती आपल्याच कपाटात असावी असं का वाटतं? आणि कपाटात आली की ती वापरू नये असं का वाटतं?

प्रश्न कुठून आला ते आधी सांगतो. गेल्या वर्षी इथले, नारायण पेठेतलेच, आमचे एक स्नेही वारले. त्यांच्या मुलानं आम्हाला बोलावून घेतलं. "काका, बाबांच्या पेनांचं काय करायचं ते तुम्हीच बघा." कपाटात तेवीस डबे निघाले. बहुतेक पेनं जपानी, आणि त्यातलीही बरीचशी मर्यादित आवृत्तीची, म्हणजे ठरावीक नग काढायचे, प्रत्येकावर क्रमांक घालायचा आणि मग ते पेन पुन्हा बनवायचं नाही. एकावर फुजीवरचा बर्फ, एकावर लाटा, एकावर शरद ऋतूतली लाल मेपलची पानं. डोळे निवावेत अशी वस्तू. पण एकाही पेनात कधी शाई गेली नव्हती. एका विक्रेत्यानं मुलाला सांगितलं होतं, तेच उत्तम झालं, शाई भरली की किंमत पडते. शेजारच्या खणात आमच्या स्नेह्यांच्या रोजनिश्या होत्या, कित्येक वर्षांच्या. सगळ्या साध्या बॉलपेननं लिहिलेल्या.

घरी येऊन आम्ही आमचं कपाट उघडलं. अकरा पेनं. त्यातली नऊ कोरी. तेव्हा आजचं हे बोलणं दुसऱ्या कुणाला दोष देण्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता इतिहासाकडे वळू.

जपानी पेनांवर निसर्ग कसा आला? त्यामागे सौंदर्यदृष्टी आहेच, पण सुरुवात एका अगदी व्यावहारिक अडचणीतून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी फाऊंटन पेनं एबोनाइटची असत. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. नवं असताना काळंभोर दिसतं, पण ऊन आणि दमट हवा लागली की काही काळानं तपकिरी, मळकट होतं. १९१८ मध्ये र्योसुके नामिकी आणि मासाओ वादा यांनी तोक्योत पेनांची कंपनी काढली. आज आपण तिला पायलट म्हणून ओळखतो. त्यांच्यापुढे ही अडचण होती. त्यांनी तोडगा शोधला तो घरातल्याच जुन्या वस्तूत. जपानी घरातले वाडगे, डबे, तबकं उरुशीनं रंगवलेली असतात आणि ती शतकभर टिकतात. तीच उरुशी पेनावर चढवली. पेनाचा काळेपणा टिकला.

आणि एकदा उरुशी आली की तिच्या मागोमाग तिचे कारागीर येणारच. हे कारागीर त्या काळी अडचणीत होते. १८७१ मध्ये जपानमधल्या सरदारांच्या जहागिऱ्या गेल्या, १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली. म्यान, कलमदानं, शृंगारपेट्या करून घेणारा आश्रयदाताच नाहीसा झाला. आपल्याकडे संस्थानं गेल्यावर गवयांचं, चिताऱ्यांचं जे झालं तेच. अशा वेळी या कारागिरांना पेन हा एक नवा पृष्ठभाग मिळाला. बोटाएवढा, गोल, पण पृष्ठभाग. कानाझावाचे गोनरोकु मात्सुदा हे थोर कारागीर नामिकींकडे काम करत होते. पुढे १९५५ मध्ये जपान सरकारनं त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. १९३० मध्ये लंडनच्या डनहिलशी करार झाला आणि ही पेनं युरोपातल्या श्रीमंतांच्या खिशात जाऊन बसली.

या कामाला 'माकि-ए' म्हणतात. अर्थ सरळ आहे: शिंपडलेलं चित्र. उरुशीनं चित्र काढायचं, ती ओली असतानाच त्यावर सोन्याची पूड भुरभुरायची, वर पुन्हा उरुशी द्यायची, कोळशानं घासायची, पुन्हा द्यायची. एकेका पेनाला महिने लागतात. गंमत अशी की उरुशी कोरड्या हवेत वाळत नाही. तिला घट्ट व्हायला दमट हवा लागते, म्हणून कारागीर पेनं ओलसर पेटीत ठेवतात. म्हणजे आपल्याकडे पापड, कुरडया वाळवायला वैशाखाचं ऊन लागतं, आणि तिकडे उरुशी 'वाळवायला' आषाढातलं पुणं लागेल!

ही उरुशी म्हणजे काय? एका झाडाचा चीक. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की त्याला चिरा पाडतात, आणि एका झाडातून सगळा मिळून पेलाभर चीक मिळतो. कच्चा चीक अंगाला लागला तर पुरळ येतं, आग होते. ऐकून काही आठवलं? आपल्याकडे बिब्बा उततो तो असाच. आणि हा योगायोग नव्हे. बिब्बा, आंबा, काजू आणि उरुशी ही सगळी एकाच वनस्पतिकुळातली मंडळी. आंब्याचा चीक ओठाला लागून ज्यांचं तोंड आलं असेल, त्यांनी उरुशीच्या चुलत भावाचा प्रसाद घेतलेला आहे. परीट कपड्यांवर खूण करायचे ती बिब्ब्याच्या रसानं. ती खूण धुतली तरी जात नसे. म्हणजे हा रस आपल्याकडेही लेखनाच्या कामी आला होता, फक्त धोतराच्या काठावर.

आता आपल्या लेखणीकडे येऊ.

पेशवे दफ्तरात जा. इथून फार लांब नाही. हजारो रुमाल आहेत, मोडी कागदांनी भरलेले. ते कशानं लिहिले? बोरूनं. बोरू म्हणजे एक काडी. चाकूनं तिरपी तासायची, टोकाला चीर द्यायची, झिजली की पुन्हा तासायची, आखूड झाली की फेकून द्यायची. पेशव्यांच्या कारकुनानं बोरूचा संग्रह केल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. जतन व्हायचं ते अक्षर. ते शाईवर अवलंबून होतं, आणि शाई होती काजळाची. काजळ म्हणजे कार्बन, तो उजेडानं विटत नाही. पोथ्या लिहिणारे तर त्याच्याही पुढे गेले. त्यांनी पाण्यात लाख आणि टाकणखार उकळून त्यात काजळ घोटलं. लाखेमुळे वाळलेलं अक्षर पाण्यानं सुटत नसे. हिलाच पक्की शाई म्हणत.

लाख आणि उरुशी एक नव्हेत, हे लक्षात ठेवा. उरुशी झाडाचा चीक, तर लाख पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यानं स्रवलेली राळ. पण काम सारखंच, वस्तूला टिकवण्याचं. जपाननं ते टिकाऊपण लेखणीच्या अंगावर चढवलं. आपण ते अक्षराच्या पोटात घातलं.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. आम्ही दहा वर्षांचे होतो, नदीजवळच राहत होतो. नारायण पेठ, शनिवार पेठ पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर वाड्यात चिखल, त्यात पेट्या. आमच्या वडिलांना फाऊंटन पेनाची मोठी हौस. त्यांच्या वह्या, पत्रं, हिशेब, सगळं निळ्या शाईत. पेटी उघडली तर कागद होता, अक्षर नव्हतं. पानभर नुसता फिकट निळा डाग. त्याच पेटीच्या तळाशी आजोबांची एक पोथी होती. पानं फुगली, कडा गेल्या. पण चिखल पुसल्यावर ओळी वाचता येत होत्या. वडील ती पोथी उन्हात धरून बराच वेळ उभे होते. काही बोलले नाहीत. वडिलांचं पेन मात्र शाबूत होतं. धुतलं, पुसलं, पुन्हा चाललं. लिहिलेलं गेलं आणि लिहिणारं राहिलं.

वडिलांच्या त्या निळ्या शाईचाही एक इतिहास आहे, आणि तो मराठी आहे. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत गिरगावात शाईची भुकटी आणि वड्या करायला सुरुवात केली, घोडा छापाच्या. पुढे कॅमल शाई आली, आणि त्यातून कॅमलिन. आपल्या सगळ्यांच्या शाळेच्या गणवेशावरचे डाग त्यांचेच. आणि २०११ मध्ये या कंपनीचा मोठा हिस्सा कुणी घेतला? ओसाकाच्या कोकुयोनं. ती कंपनी १९०५ मध्ये सुरू झाली ती जमाखर्चाच्या चोपड्यांची पुठ्ठ्याची वेष्टणं करण्यासाठी. तेव्हा जपान आणि मराठी दप्तर यांची गाठ आम्ही ओढूनताणून घालत नाही. ती आधीच पडलेली आहे.

त्याच २०११ मध्ये जपानात आणखी एक गोष्ट झाली. प्लॅटिनम या कंपनीचं '३७७६' नावाचं एक पेन १९७८ पासून होतं. ३७७६ म्हणजे फुजी पर्वताची मीटरमधली उंची. जर्मनीतली मोंब्लां कंपनी आपल्या निबवर ४८१० कोरते, ती माँ ब्लाँ शिखराची उंची. प्लॅटिनमनं २०११ मध्ये पेनाचं टोपण सुधारलं, आतली शाई लवकर सुकू नये अशी सोय केली, आणि फुजीच्या पायथ्याच्या पाच सरोवरांच्या नावानं मर्यादित आवृत्त्या काढायला सुरुवात केली. पहिलं मोतोसु. त्या सरोवराचं पाणी फार नितळ, म्हणून पेनही आरपार दिसणारं. मग शोजी, साई, यामानाका, कावागुची. पुढे ऋतूंची मालिका आली: वसंतातली पहाट, उन्हाळ्यातला सुगंधी वारा, शरदाचा भरजरी रंग, सहा पाकळ्यांचा हिमकण. पायलटनं २००७ मध्ये शाया काढल्या, त्यांचीही नावं अशीच: चांदणी रात्र, रानद्राक्षं, खोल समुद्र.

आमच्याकडे मोतोसु आलं ते एका विद्यार्थ्याकडून. तो तिकडे नोकरीला होता. पुढचं आम्ही स्वतःच मागवलं, आणि मग सवय लागली. आमची पत्नी एकदा म्हणाली, "कळसूबाईची उंची सोळाशे शेहेचाळीस मीटर. तेवढ्या आकड्याचं पेन निघालं तर घ्याल का?" आम्ही हसलो. पण विचार केल्यावर लाज वाटली. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ मध्ये 'ऋतुचक्र' लिहिलं, महिन्या-महिन्याचा आपला निसर्ग त्यात आहे. ते आमच्या टेबलावर असतं. तरी आम्हाला वसंताची पहाट हवी होती ती फुजीची, क्रमांक घातलेली.

आता मूळ प्रश्न. कांट म्हणतो, सौंदर्याच्या आनंदात वस्तू आपली असावी ही इच्छा मिसळलेली नसते. फूल पाहून होणारा आनंद ते खुडण्यात नाही. या कसोटीवर संग्राहक नापासच होतो. आपल्या परंपरेतही अपरिग्रह आहे, योगसूत्रांच्या यमांत आहे, जैनांच्या महाव्रतांत आहे. मग संग्रह हा दोषच मानायचा का?

इथे घाई करायला नको. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ काय सांगतात? वेगवेगळ्या देशांचे बोरू आणा, बारीक आणि सरळ पाहून घ्या, रंगही नाना असू द्या. हिंगूळ संग्रही ठेवा, शाईचाही संग्रह करा. म्हणजे विरक्त संन्यासी पेनांचा आणि शाईचा संग्रह करायला सांगतो आहे! पण कशासाठी? ग्रंथ उतरून काढण्यासाठी. त्या समासात संग्रहाच्या पुढेच काम उभं आहे.

दुसरं उदाहरण पुण्यातलंच. दिनकर केळकर. १८९६ ते १९९० असं दीर्घ आयुष्य. 'अज्ञातवासी' नावानं कविता केल्या, आणि जन्मभर वस्तू गोळा केल्या: दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, दारं. सुमारे वीस हजार. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय केलं आणि सगळं सरकारला देऊन टाकलं. त्या दौतींतही आज शाई नाही. पण केळकरांनी त्या उचलल्या नसत्या तर त्या मोडीत गेल्या असत्या. वापर संपलेल्या वस्तूला त्यांनी घर दिलं.

आणि तिसरं सावंतवाडीचं. गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ, दशावतारी संच १२० पत्त्यांचा, हातानं रंगवलेला, लाखेचा हात दिलेला. खेळ बंद पडला, चितारी संपत आले. १९७० च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चितारी पुंडलिक यांच्याकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवले. आज ते पत्ते विकत घेणारे बहुतेक संग्राहकच आहेत. खेळतं कुणी नाही. पण संग्राहक नसता तर ब्रशही थांबला असता. जपानच्या माकि-ए कारागिरांचंही तेच. म्हणून मर्यादित आवृत्ती म्हणजे निव्वळ बाजारू चाळा, असं आम्ही म्हणणार नाही. तिच्यावर कुणाची तरी चूल पेटते आणि हात शिकतो.

मग आमच्या स्नेह्यांचे तेवीस डबे पाहून जीव का कळवळला? आम्हाला वाटतं, फरक इथे आहे. केळकरांच्या दौती आयुष्य भोगून संग्रहात आल्या. ही पेनं संग्रहासाठीच जन्माला आली. त्यांच्यावर निसर्ग काढलाय, पण त्यांना ऋतू लागू नाही. जपानी सौंदर्यविचारात, विशेषतः अठराव्या शतकातल्या मोतोओरी नोरिनागांनी ज्यावर इतकं लिहिलं त्या भावनेत, वस्तूच्या जाण्याचा हळवेपणा आहे. फूल सुंदर, कारण ते गळणार. आणि आपण काय केलं? गळणारं पान सोन्यात काढलेलं पेन घेतलं आणि त्याची शाई कधी संपू नये म्हणून भरलीच नाही. त्या चित्राच्या अर्थातच बिब्बा घातला.

संस्कृतात 'परिग्रह' आणि 'संग्रह' दोन्ही एकाच धातूचे. परिग्रह म्हणजे सगळीकडून वेढून धरणं. संग्रह म्हणजे एकत्र आणून धरणं. गीतेत 'लोकसंग्रह' हा शब्द येतो. आणि त्या शब्दावर भर देणारा ग्रंथ कुणी लिहिला, हे नारायण पेठेत सांगायला नको. केसरीवाडा इथेच आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी गीतारहस्य लिहिलं. तिथे दौत-लेखणी नव्हती. ते सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला. तत्त्वज्ञानाच्या या विद्यार्थ्याला मराठीतला जो ग्रंथ सर्वांत जास्त वेळा उघडावा लागला, तो पेन्सिलीच्या तुकड्यांनी लिहिलेला आहे, ही गोष्ट पेनाचं कपाट उघडताना आठवते. बोचते.

तर आम्ही काय केलं, ते सांगून थांबतो.

स्नेह्यांच्या मुलाला आम्ही विकू नको असं म्हटलं नाही. त्याला पैशांची गरज होती. अठरा पेनं गेली, चांगल्या किमतीला गेली. पाच त्यानं ठेवली. त्यातलं लाटांचं पेन त्याच्या मुलीनं घेतलं, शाई भरली, पहिल्याच दिवशी सोफ्यावर डाग पाडला. मुलाचा वैतागलेला फोन आला. आम्हाला फार बरं वाटलं.

आमच्या नऊ कोऱ्या पेनांपैकी चार आता कोरी नाहीत. उरलेली पाच अजून तशीच आहेत, हे खोटं कशाला सांगा. हात धजावत नाही. उजव्या हाताला थोडा कंप आला आहे, पेन पडेल अशी भीती वाटते. पण आजची ही टिपणं मोतोसुनं लिहिली आहेत, साध्या कॅमलच्या निळ्या शाईत. पाणी सांडलं तर जातील. जाऊ देत, तोवर तुमच्या कानी पडलेली असतील.

एक मात्र करून ठेवलं आहे. आजोबांच्या त्या पोथीची फुगलेली पानं आम्ही नव्या वहीत उतरवून काढतो आहोत. त्यासाठी कार्बनची काळी शाई आणली, आणि ती माकि-एच्या पेनात भरायला जीव झाला नाही, म्हणून एक बोरू तासून घेतला. रोज अर्धं पान होतं. बोरू झिजतो, पुन्हा तासतो. सध्या तिसरा चालू आहे. पहिले दोन फेकून दिले.